तांबड्या गोळ्या

त्या वर्षी माघ लागतालागताच गारा पडल्या आणि सातऱ्यावर वाळत घातलेली मिरची भिजली. भिजलेली मिरची लाल राहत नाही, तिच्या अंगावर पांढरे चट्टे पडतात. भिवापूरकडे तिला फटकी म्हणतात आणि तिला कोणी धड भाव देत नाही. देठं खुडायचं काम होतंच, त्यात लाल वेगळी आणि फटकी वेगळी करायचं काम वाढलं. सातरा म्हणजे गावाबाहेरचं व्यापाऱ्याचं मोठं सारवलेलं अंगण. तीस-पस्तीस बाया सकाळीच तोंडाला फडकी बांधून तिथे बसायच्या, शिंकायच्या, डोळे पुसायला हात वर न्यायच्या आणि आठवण झाली की तसाच खाली आणायच्या.

सातऱ्याचा एक नियम होता. बाहेरची झालेल्या बाईने चार दिवस तिथे पाऊल टाकायचं नाही. तिची सावली पडली की मिरची काळी पडते, असं सगळे मानत. गारा कोणाच्या सावलीने पडल्या, ते मात्र कोणी विचारलं नाही. या नियमामुळे कोणत्या बाईचा महिना कधी येतो, हे मुकादमीण यमुताईला तोंडपाठ असे. विचारावं लागत नसे, रिकामी जागा पाहिली की कळायचं.

गोपिकाची जागा मार्गशीर्षापासून एकदाही रिकामी राहिली नव्हती.

"गोपे, तू तिकडं निंबाखाली बस वं," एक दिवस यमुताई म्हणाली. "धुराळा नाकात जाते तुह्या."

"काहून? सगळ्याइच्याच नाकात जाते."

"काहून म्हणते पोट्टी!" यमुताईने बाकीच्या बायांकडे पाहिलं आणि सगळ्या फडक्याआडून हसल्या. "आमाले का मोजता येत नाही?"

गोपिका टोपली उचलून निंबाखाली गेली. पाठीवरचं ऊन गेलं, बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणूनच तिला स्वतःची लाज वाटली, कारण ती सावली आपली आहे की नाही हे तिलाच ठाऊक नव्हतं.

अडीच वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली होती. दोन दिवस कळा दिल्या, शेवटी बैलगाडीत घालून उमरेडला नेली, तिथे सुटका झाली. पोरगी हातभरही नव्हती. आठव्या दिवशी गेली. नत्थूने तिला परसातल्या बोरीखाली पुरली आणि वर मोठा दगड ठेवला. डॉक्टर म्हणाला होता, बाईच्या अंगात रक्तच नाही, दोन वर्षं हिला पोटुशी राहू देऊ नका. नत्थूने मान हलवली होती. घरी येऊन आईला मात्र यातलं अर्धंच सांगितलं. रक्ताचं सांगितलं, दोन वर्षांचं सांगितलं नाही.

कारण त्याची आई पार्वतीबाई. आणीबाणीच्या साली जीप गावात यायची आणि माणसं नसबंदीला न्यायची, तेव्हा तिने एकुलत्या एका लेकाला तीन दिवस तुरीच्या वावरात लपवला होता. स्वतः डोक्यावर भाकरी घेऊन जायची. तेव्हापासून नर्सबाई गल्लीत दिसली की ती धाडकन दार लावी. लेकरं बंद करणाऱ्या लोकांचं तोंड पाहायचं नाही, असं तिचं म्हणणं. आणीबाणी उठून दोन वर्षं झाली तरी दार लागतच होतं.

त्याच नर्सबाईने, शोभाताईने, गोपिकाला बाजाराच्या दिवशी भिवापुरात गाठून गोळ्यांचं पाकीट दिलं. एकवीस पांढऱ्या आणि सात तांबड्या. पांढऱ्या लेकरू न होण्याच्या, तांबड्या रक्ताच्या. पांढऱ्या संपल्या की महिना येईल, ते सात दिवस तांबड्या खायच्या. सोपं होतं. गोपिका पाकीट लग्नाच्या लुगड्याच्या घडीत ठेवायची आणि भाकरी थापायला बसण्याआधी एक पांढरी तोंडात टाकायची. तांबड्या सात मात्र ती सासूला देई.

हे तिचं तिनेच ठरवलं होतं. पार्वतीबाईला उठता-बसता चक्कर येई, हातपाय पांढरेफटक पडलेले. एवढं खोटं बोलतोच आहोत, तर त्यातून म्हातारीचं काही भलं होऊ दे, असं गोपिकाला वाटे. भिवापूरच्या डॉक्टरने दिल्या, अंगात रक्त भरते, असं सांगून ती सात गोळ्या सासूच्या हातावर ठेवी.

"तू खाल्ल्या का?" पार्वतीबाई विचारी.

"माह्या वेगळ्या हायेत."

"मंग ठेव. खाईन मी मांगून." आणि गोळ्या लुगड्याच्या गाठीत बांधून आत जाई.

दोन वर्षं गोपिका अगदी नेमाने मागच्या सपरीत, कुडाच्या पडवीत, बसली. दर अठ्ठाविसाव्या दिवशी, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. पार्वतीबाई लांबून तिला भाकरी सरकवायची आणि आभाळाकडे पाहून म्हणायची, "देवा, सगळं नेमानं चालू हाय हिचं, मंग कूस काहून उजवत नाही?" नवसाचं कोंबडं बोलून झालं, मंगळवार धरून झाले. गोपिका मान खाली घालून भाकरी खायची.

दिवाळीत तिने नत्थूला म्हटलं, "आता मले लेकरू पायजे." नत्थू बैलाच्या शिंगांना रंग लावत होता. त्याने कुंचला खाली ठेवला आणि नुसताच हसला. त्या दिवसापासून गोळ्या बंद झाल्या.

त्यानंतर ती बाहेर बसलीच नाही.

पौषात तिने बाजारात शोभाताईला गाठलं. शोभाताई नागपूरच्या, मोठ्या आवाजात बोलायच्या. त्या दिवशी गोपिकाचा चेहरा पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

"गोळ्या सोडल्यावर असं होते कोणा-कोणाले. दोन महिने, चार महिने, कधी सहा महिने पाळी येत नाही. अंगाले सवय मोडाले वेळ लागते. येईन मंग."

"अन् पोट असन तं?"

"असू बी शकते. उमरेडले चाल, तपासून घेऊ. पण घरी सांगून ये. लपून-छपून मी तुले नेत नाही. तुह्या सासूनं माह्या अंगावर पाणी फेकलं होतं, याद हाय ना?"

घरी सांगायचं म्हणजे दोन वर्षांचं सगळं सांगायचं. गोपिका उमरेडला गेली नाही. खरं म्हणजे तिला जायचंही नव्हतं. तपासलं असतं तर कळलं असतं, आणि कळेपर्यंत ते लेकरू होतं. सकाळी तिला मळमळायचं. छाती दुखायची. पेज नको वाटायची, चिंचेचं बोटुक मात्र चोखावंसं वाटे. कधी कधी कोणी नसताना ती पोटावर हात ठेवायची आणि शोभाताईचं बोलणं विसरून जायची. आशा धरल्याबद्दल तिला कोण बोल लावणार?

गारा पडल्या त्याच आठवड्यात पार्वतीबाईने चोरचोळी केली. तिसऱ्या महिन्यात गुपचूप हिरवी चोळी द्यायची, गावाला कळू द्यायचं नाही, म्हणून ती चोरचोळी. पार्वतीबाईने भिवापूरहून खण आणला, स्वतः हाताने शिवला, म्हातारपणामुळे टाके वाकडे पडले. गोपिकाला पाटावर बसवून तिने कुंकू लावलं आणि नारळ ओटीत घातला.

"पाचवा लागेपर्यंत कोणापाशी तोंड उघडाचं नाही," तिने बजावलं. आणि दिवस मावळायच्या आत स्वतःच विहिरीवर पाच जणींना सांगून आली.

गोपिकाने सपरीत खाट विणत बसलेल्या नत्थूला गाठलं. हिरवी चोळी तिच्या हातातच होती.

"तुमी सांगा ना त्याइले. नर्सबाई म्हणते, नसन बी."

नत्थूने सुतळी दातात धरून ओढली. "असन बी म्हणते ना?"

"हो."

"मंग कायले उकरून काढतं? लेकरू झालं का सगळं आपोआप झाकून जाते." तो वाईट माणूस नव्हता. आईच्या तोंडावर इतक्या वर्षांनी हसू आलं होतं आणि ते त्याला पुसायचं नव्हतं. त्याने पुढची गाठ मारली.

पार्वतीबाईला तर तिला सातऱ्यावरही पाठवायचं नव्हतं. पण फटकी निवडायला हात कमी पडत होते, यमुताई दोनदा घरी येऊन गेली. "एवढी होळीपर्यंतची मिरची होऊ दे," पार्वतीबाई म्हणाली, "मंग घरीच राह्य. ओझं उचलू नोको. निंबाखालीच बस."

होळीला सहा दिवस होते. ऊन तापलं होतं आणि सातऱ्यावरून मिरचीची धग येत होती. गोपिका भरलेली टोपली ढिगावर रिकामी करायला उठली. अर्ध्या वाटेत कंबरेतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. तिने खाली पाहिलं. पायावरून रक्ताची धार घोट्यापर्यंत आली होती आणि सारवलेल्या जमिनीवर दोन थेंब पडले होते.

"अवं माय!" कोणीतरी ओरडलं.

बाया उठल्या. आधी त्यांनी मिरची ओढली. दोघी-तिघींनी खराटे घेऊन ढीग मागे लोटला, कोणी टोपल्या उचलल्या, कोणी पोतं सरकवलं. गोपिका मधे एकटी उभी राहिली. तिच्या भोवती मोकळी जमीन झाली, आणि मग कुठे यमुताईला वाटलं की बाईलाही धरायला पाहिजे.

"पोट पडलं वं पोरीचं," यमुताई म्हणाली आणि तिच्या काखेत हात घातला. वाटेत ती रडत होती. गोपिका रडत नव्हती. तिला फक्त तो खराट्यांचा आवाज ऐकू येत होता.

घरी तिला मागच्या सपरीत गोणपाटावर निजवलं. पार्वतीबाई दारात उभी राहिली आणि यमुताईने दोन शब्द सांगताच तिने कपाळ चौकटीवर आपटलं.

"मीच धाडली! मिरचीच्या धगीत मीच धाडली. घरीच ठेवाची होती पोरगी, अन् मी म्हटलं होळीपर्यंत जाय. माह्या हातानं मारलं मी लेकराले."

"असं बोलू नोको, पार्वताबाई."

"मंग कोणाच्या हातानं? सांग ना, कोणाच्या?"

नत्थू सायकल घेऊन शोभाताईला आणायला गेला आणि हात हलवत परत आला. त्या दुसऱ्या गावी गेल्या होत्या, तो निरोप ठेवून आला होता. गोपिकाचं अंगावरून जाणं थांबत नव्हतं. चिंध्यांमागून चिंध्या भिजत होत्या. दोन वर्षं जे थोडंथोडं, मापात येत होतं, ते आता चार महिन्यांचं एकदम आल्यासारखं येत होतं.

दुपार कलली तशी पार्वतीबाई आली. काठीने तिने भिजलेल्या चिंध्यांतली एक ओढून घेतली आणि उरलेल्या हिरव्या खणाच्या तुकड्यात गुंडाळली. मग सब्बल घेऊन ती परसात गेली. कुडाच्या फटीतून गोपिकाला सगळं दिसत होतं. बोरीखाली, दगडाच्या बाजूलाच, म्हातारी खणायला लागली. जमीन तापून टणक झाली होती. सब्बल दोन्ही हातांनी उचलायची, टाकायची, कंबर धरायची, पुन्हा उचलायची. खणताना ती बोलत होती. पहिल्या नातीशी बोलत होती. तुह्यापाशी आणून ठेवतो बाई, सांभाळजो त्याले, असं काहीतरी.

गोपिकाला ते सहन झालं नाही. गप्प राहिली असती तर चाललं असतं. सगळं झाकलं गेलं असतं, नत्थू म्हणाला होता तसं. गावाने दोन दिवस हळहळ केली असती आणि सासूने तिला दुधात गूळ घालून दिला असता. पण म्हातारी जन्मभर स्वतःला खुनी म्हणत राहिली असती. गोपिका कूड धरून उठली आणि सपरीबाहेर आली.

"आत्याबाई, त्यात काही नाही."

"लेकराले काही नाही म्हणू नोको वं."

"लेकरू नव्हतंच. तुमच्या धाडण्यानं काही नाही झालं. मी गोळ्या खात होती. लेकरू न होयच्या. पहिली गेली तवापासून. दिवाळीले सोडल्या. सोडल्यावर चार-सहा महिने बाहेर बसणं होत नाही कोणाले. नर्सबाईनं मले सांगतलं होतं. हे मांगचं अडकलेलं हाय, लेकरू नाही."

पार्वतीबाईच्या हातात सब्बल तशीच होती. तिने विचारलं, "नत्थूले ठाऊक होतं?"

"हो."

"अन् चोळी घेतली तू माह्या हातची."

पार्वतीबाईने सब्बल बोरीला टेकवून ठेवली, हिरवी गुंडाळी खड्ड्याच्या काठावर ठेवली आणि घरात गेली. खड्डा तसाच उघडा राहिला.

त्यानंतर दोन दिवस ती सुनेशी एक शब्द बोलली नाही. भाकरी सरकवायची, पण "आणखीन देऊ का" हे विचारायची नाही. नत्थूशीही बोलली नाही. तो गोठ्यातच जेवला. गोपिका सपरीत पडून रडली. कोणासाठी रडते हे तिचं तिलाच सांगता येत नव्हतं. नसलेल्या लेकरासाठी कोणी सांत्वनाला येत नाही, आणि तिला तर त्याची खोडही ठाऊक झाली होती: सकाळी मळमळवायचं, दुपारी झोपायचं. तीन महिने तिने त्याच्याशी मनात बोलून घेतलं होतं. खोटं होतं हे सासूला सांगून झालं, पण स्वतःला सांगायचं राहूनच गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी शोभाताई आल्या. या वेळी दार लागलं नाही. पार्वतीबाई ओसरीवर तोंड फिरवून बसून राहिली.

"आली का पाळी?" शोभाताई सपरीत वाकून म्हणाल्या. "मंग चांगलं झालं! अंग लाइनीवर आलं म्हणायचं."

चांगलं हा शब्द त्या घरात त्या दिवशी कोणाला पेलणारा नव्हता. पण त्यांनी गोपिकाची खालची पापणी ओढून पाहिली आणि त्यांचा आवाजच बदलला. पापणी आतून पांढरी होती. नखं पांढरी, जीभ पांढरी.

"तांबड्या खात होती ना वं?"

गोपिकाने तोंड कुडाकडे वळवलं.

"गोपिका, तुले विचारून राहिली मी. दोन वर्षं दर महिन्याले सात गोळ्या देल्या, त्या गेल्या कोठी?"

"आत्याबाईले देत होती. त्याइले चक्कर येते."

शोभाताईंनी कपाळावर हात मारला. "अवं, त्या तुह्यासाठी होत्या! लेकरू होईन तुले, गोळ्यानं काही बिघडत नाही, दोन-तीन महिन्यात सगळं नेमानं चालू होईन. पण अशा अंगानं पोट राह्यलं तं मांगच्यावाणीच होईन. पहिले रक्त भर अंगात."

ओसरीवरून पार्वतीबाई उठली. आत गेली. काही पडल्याचा, काही सरकवल्याचा आवाज आला. मग ती चहापत्तीचा एक जुना डबा घेऊन सपरीच्या तोंडाशी आली आणि ज्या बाईवर तिने एकदा पाणी फेकलं होतं, तिच्यासमोर तो धरला. झाकण गंजून बसलं होतं, ते तिने दातओठ खाऊन उघडलं.

डबा तांबड्या गोळ्यांनी भरला होता. दोन पावसाळ्यांची ओल लागून त्या एकमेकींना चिकटल्या होत्या, काही फुटल्या होत्या, रंग उडून डागळल्या होत्या.

"ह्या चालतीन का हिले?" पार्वतीबाईने विचारलं.

शोभाताई डब्यात पाहत राहिल्या. "तुमी खाल्ल्याच नाही?"

"एकही नाही. माह्या अंगात रक्त भरून काय करतं आता? पहिल्या खेपेले डाक्टर म्हणे, पोरीच्या अंगात रक्त नव्हतं. म्हटलं, पुढच्या बाळंतपणाले लागतीन. त्याच्यासाठी ठेवल्या." तिने डबा थोडा पुढे केला. "चालतीन ना?"

"नाही, माय." शोभाताईंनी इतक्या हळू आवाजात कधी कोणाला काही सांगितलं नसेल. "ह्या खराब झाल्या. फेकून द्या. मी नव्या देतो."

त्यांनी पिशवीतून नवी पुडी काढून गोपिकाच्या उशाशी ठेवली, रोज एक, जेवल्यावर, असं दोघींना ऐकू जाईल असं सांगितलं आणि गेल्या.

पार्वतीबाई डबा घेऊन तशीच उभी राहिली. मग परसात गेली. बोरीखाली बसली, खड्ड्यात हात घालून आत पडलेली पानं काढली, आणि डबा आत ठेवला. काठावर पडलेली हिरवी गुंडाळी उचलून तीही त्यावर ठेवली.

गोपिका कूड धरत धरत तिच्यामागे आली. "आत्याबाई, हे काय करून राहिल्या?"

"काहीतरी तं पुरू दे मले," म्हातारी म्हणाली. "तीन महिने होतं माह्यापाशी."

गोपिका खाली बसली. तिला आता रडू आवरेना. तिने ओंजळभर माती खड्ड्यात लोटली. पार्वतीबाईनेही लोटली. खड्ड्यात दोघींचे हात एकमेकींना लागले आणि गोपिकाने घाबरून आपला मागे घेतला.

"शिवू नका मले. तिसराच दिवस हाय."

"मले मोजता येते," पार्वतीबाई म्हणाली. तिने सुनेचा हात मनगटाशी धरून पुन्हा खड्ड्यापाशी आणला, आणि माती वरपर्यंत येईतो सोडला नाही.